लाल खटका

संगणकाच्या डब्याच्या पाठीमागे, जेथे विजेची वायर खोचतात त्याच्या अगदी शेजारी, पूर्वी एक छोटा लाल खटका असे. तो पृष्ठभागाच्या आत बुडालेला असल्यामुळे बोटाने सरकत नसे. पेनाचे टोक किंवा स्क्रू ड्रायव्हर लागे. एका बाजूस सरकवला की ११५ हा आकडा दिसे, दुसऱ्या बाजूस सरकवला की २३०. डब्याची पाठ नेहमी भिंतीकडे असल्यामुळे असा खटका आपल्या घरात किंवा पेढीवर आहे, हे बहुतेक कुटुंबांना संगणक भंगारात जाईपर्यंत ठाऊकही होत नसे. जळगाव-धुळे रस्त्यावरील एका पेढीला मात्र तो ठाऊक झाला, आणि त्यासाठी मोजावी लागलेली किंमत संगणकाच्या दुरुस्तीपुरती नव्हती.

दोघा भावांचा व्यापार. थोरल्यांचे दुकान जळगावच्या दाणा बाजारात, धाकट्यांचे धुळ्याला. एरंडोल-पारोळ्याच्या टापूतील एका गावात त्यांची धान्याची पेढी होती, जोडीला तेल आणि ढेपेची विक्री. ती पेढी वडिलांच्या काळापासून एकच मुनीमजी सांभाळत. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला आणि इतर अनेक व्यापाऱ्यांप्रमाणे या कुटुंबानेही संगणक घेतला, टॅली बसवली. जळगाव, धुळे आणि गावची पेढी अशा तिन्ही ठिकाणी एकेक डबा आला. गावच्या पेढीवर तो चालवण्यासाठी धाकट्यांचा मुलगा येऊ लागला. नुकताच बी.कॉम. झालेला, हुशार, हाताला चपळ. मुनीमजींनी यंत्राला विरोध केला नाही, पण आपली रोकड आणि खतावणी लिहिणेही थांबवले नाही. शेतकऱ्याचा माल आला की तोलाई, हमाली वजा जाता त्याचे निव्वळ किती, हे ते आधी वहीत लिहीत आणि मग मुलाला सांगत. संगणकाशी त्यांचा संबंध एवढाच की सकाळी पेढी उघडल्यावर देवाला उदबत्ती लावायची आणि डब्याचे बटण दाबायचे.

त्या वर्षांतली वीज खानदेशातील वाचकांना वेगळी सांगावयास नको. भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र हाकेच्या अंतरावर, आणि खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास भारनियमन! उरलेल्या तासांत वीज असे, पण तिच्यात जीव नसे. रब्बीचे पाणी सुरू झाले की सगळ्या शिवारातील पंप एकाच वेळी चालू होत. रोहित्रापासून दूर असलेल्या घरांत संध्याकाळी बल्बची तार नुसती तांबूस दिसे, ट्यूब पेटतच नसे, पंख्याची पाती मोजता येत. पुरवठ्यासाठी ठरलेला दाब २३० व्होल्टचा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी त्यात सहा टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार असू नये असे सांगितले होते. म्हणजे हिशोबाने २१६ च्या खाली नाही आणि २४४ च्या वर नाही. नियम कागदावर होता. रोहित्राने तो वाचलेला नव्हता.

मार्गशीर्षातली ती संध्याकाळ. मक्याची आवक जोरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकऱ्यांना पैसे द्यायचे होते आणि चाळीसेक हिशोबपट्ट्यांच्या नोंदी राहिल्या होत्या. यूपीएसची बॅटरी महिनाभरापूर्वीच बसल्यामुळे संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडलेला. मुलाने बटण दाबले. मॉनिटरचा दिवा लागला, पडदा उजळला, पण डबा हूं की चूं करीना. चारपाच वेळा प्रयत्न झाले. मॉनिटर चालतो म्हणजे वीज आहे, दोष डब्यातच आहे, असा त्याने तर्क केला. (मॉनिटरला बहुधा १०० पासून २४० व्होल्टपर्यंत काहीही चालते, म्हणून तो पेटला होता, हे त्याला नंतर कळले.) डबा फिरवून पाहताना त्याला तो लाल खटका दिसला. २३० आणि ११५. वीज कमी आहे, आणि कमी विजेसाठी हा दुसरा आकडा केलेलाच आहे! त्याने बॉलपेनच्या टोकाने खटका सरकवला, बटण दाबले, आणि डबा गुरगुरत सुरू झाला.

तर्कात तशी खोट नव्हती. त्या वेळी तारेत बहुधा १४० व्होल्टच्या आसपासच दाब असावा आणि तेवढ्यावर ११५ ची बाजू खरोखरच काम करते. नऊ वाजेपर्यंत सर्व नोंदी झाल्या. मुनीमजींनी शाबासकी दिली. छपाई तेवढी सकाळवर ठेवून संगणक बंद झाला.

रात्री पंप थांबले. सकाळी गावाने कित्येक दिवसांत पाहिला नसेल असा स्वच्छ उजेड ट्यूबमध्ये होता. आठच्या सुमारास थोरले शेठजी रोख रक्कम घेऊन जळगावहून आले. ओट्यावर वीस-पंचवीस शेतकरी बसलेले, मुलगा गोदामात काट्यावर. शेठजींनी मुनीमजींना संगणक सुरू करण्यास सांगितले. मुनीमजींनी उदबत्ती लावली, बटण दाबले आणि लवंगी फटाक्यासारखा आवाज झाला, लगेच दुसरा, डब्याच्या जाळीतून धूर निघाला आणि पेढीत जळक्या माशासारखा उग्र वास भरला.

कोणाला इजा झाली नाही. पण शेठजी घाबरले होते आणि घाबरलेला माणूस बोलून जातो. ‘मुनीमजी, तुम्हाला हे यंत्र पहिल्यापासून नकोच होते,’ असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. एवढेच. मुनीमजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी आपली वही उघडली, एकेका शेतकऱ्याचा हिशोब वाचून दाखवला, पैसे मोजून दिले, अंगठे आणि सह्या घेतल्या. दुपारी दोनला शेवटचा शेतकरी उठला. मग त्यांनी रोकड जुळवली, तिजोरीच्या किल्ल्या गादीवर ठेवल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. एकोणतीस वर्षांत असे प्रथमच घडत होते.

डबा जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्तीला गेला. सोबत शेठजी आणि पुतण्या. कारागीर तरुण होता; त्याने डबा उघडण्यापूर्वीच तो उलटा फिरवला, पाठीमागे पाहिले आणि विचारले, ‘हे एकशे पंधरावर कोणी केले?’ शेठजी म्हणाले, ‘कोणी नाही. आमच्या मुनीमजींनी बटण दाबले आणि उडाले.’ कारागीर हसला. ‘शेठ, बटण पुढे असते. हा खटका मागे आहे.’

त्याने वीजपुरवठ्याची पेटी, जिला सगळे एसएमपीएस म्हणतात, बाहेर काढून उघडली. आत बोटाएवढ्या जाडीचे दोन नळकांडीसारखे कॅपॅसिटर शेजारी शेजारी उभे असतात. त्या दोघांचीही डोकी फुटून आतला कागदी लगदा बाहेर आला होता. फ्यूज काळा पडला होता. दोन्ही कॅपॅसिटरवर २०० व्होल्ट असे छापलेले होते, आणि सगळे मर्म त्या आकड्यात होते.

कारागिराने जे समजावले ते व्यापाऱ्याच्या भाषेत असे सांगता येईल. भिंतीतून येणारी वीज उलटसुलट वाहणारी असते, सेकंदात पन्नास फेरे घेणारी. पेटी तिला प्रथम एका दिशेची करते आणि या दोन कॅपॅसिटरमध्ये साठवते. उलटसुलट विजेचा २३० हा आकडा एक प्रकारच्या सरासरीचा आहे. तिची लाट शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत चढते आणि साठा त्या शिखराएवढा होतो. खटका २३० वर असला की दोन्ही कॅपॅसिटर एकामागे एक जोडलेले राहतात आणि ३२५ चा भार दोघांत वाटला जातो. प्रत्येकी साधारण १६२. पोते एक आणि हमाल दोन. दोनशेची ताकद असलेल्या हमालाला एकशे बासष्टचे ओझे जड नाही.

खटका ११५ वर आणला की एक जोडणी बदलते: भिंतीकडून आलेली एक तार थेट दोघांच्या मधोमध येऊन मिळते. आता लाटेच्या एका अर्ध्या फेऱ्यात एक कॅपॅसिटर भरतो, उलट्या अर्ध्या फेऱ्यात दुसरा. प्रत्येकाला पूर्ण शिखर मिळते, पण ते शिखर ११५ चे असल्यामुळे १६२ चेच असते. दोघांची बेरीज पुन्हा ३२५. अशा रीतीने अर्ध्या दाबाच्या देशातही पेटीच्या पुढच्या भागाला नेहमीइतकाच साठा मिळतो. एका तारेच्या जोडणीत दाब दुप्पट करण्याची ही युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. जगभर खपवायची पेटी कारखानदाराला एकच बनवता येते आणि देशानुसार फक्त खटका सरकवून पाठवता येते.

पण खटका ११५ वर आणि भिंतीत २३०, असे झाले की प्रत्येक हमालाच्या पाठीवर आख्खे पोते येते. दोनशेची ताकद आणि तीनशे पंचवीसचे ओझे. दोघांचे मिळून साडेसहाशे व्होल्ट पुढच्या भागावर आदळतात. हे घडायला क्षणभर पुरतो. आदल्या संध्याकाळी १४० व्होल्टवर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १९८ आले होते. दोनशेच्या काठावर यंत्राने तीन तास इमानाने काम केले. खटक्याची उलटी चूक मात्र निरुपद्रवी असते. २३० वर ठेवलेला संगणक अमेरिकेत नेऊन लावला तर तो सुरू होत नाही, इतकेच. दोन चुकांपैकी एक गप्प बसते आणि दुसरी फुटते. आणि आपला देश फुटणाऱ्या बाजूचा आहे.

जगात हे दोन दाब का, याचा इतिहास व्यापाऱ्याला रुचेल असा आहे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज पुरवायला सुरुवात केली ती सुमारे ११० व्होल्टने, कारण त्या काळच्या कार्बनच्या तारेचे दिवे त्याच दाबावर नीट चालत. अमेरिका त्याच आकड्याच्या आसपास राहिली. आज तेथील घरांत १२० व्होल्ट असतात आणि यंत्रांवर बहुधा ११५ लिहितात. युरोपात बर्लिनच्या वीजकंपनीने १८९९ साली दाब दुप्पट करून २२० केला. दाब दुप्पट म्हणजे तेवढ्याच कामासाठी प्रवाह निम्मा, आणि प्रवाह निम्मा म्हणजे त्याच तारेत वाया जाणारी वीज एक चतुर्थांश. किंवा वाया जाणे तेवढेच ठेवले तर तांबे पुष्कळ कमी. ग्राहकांची उपकरणे बदलून देण्याचा खर्च कंपनीने तांब्याच्या या बचतीतून भरून काढला. हिशोब चोख होता. ब्रिटिशांबरोबर आपल्याकडेही वरचा दाबच आला आणि २३० रुजले. अमेरिकेत तोवर खालच्या दाबाची उपकरणे घरोघरी पोहोचलेली असल्यामुळे बदल परवडणारा राहिला नाही. शेवटी त्या दोन हिशोबांची तडजोड एका पेटीच्या पाठीवर लाल खटका होऊन बसली.

दुकानात कारागिराचे बोलणे संपले तेव्हा पुतण्याचा चेहरा उतरला होता. रात्री संगणक उत्तम चालला म्हणून सकाळच्या स्फोटाशी आपला काही संबंध असेल हे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याने लपवले नाही. ‘काका, मी केले होते,’ तो म्हणाला. शेठजी काही वेळ फुटलेल्या कॅपॅसिटरकडे पाहत राहिले. मग त्यांनी कारागिराला एवढेच विचारले, ‘आतला हिशोब?’ हिशोब शाबूत होता. पेटीचा पुढचा भाग मागच्या भागापासून रोहित्राने अलग असतो, त्यामुळे बहुतेक वेळा आघात पेटीतच संपतो आणि डिस्क वाचते. नेहमीच वाचेल अशी खात्री नसते. या वेळी वाचली. काही शे रुपयांची नवी पेटी बसली आणि चाळीस हिशोबपट्ट्या पडद्यावर जशाच्या तशा उभ्या राहिल्या. मुनीमजींच्या वहीशी त्या नंतर पडताळल्या, तेव्हा एका ठिकाणी मुलाने हमाली दोनदा धरलेली सापडली. शेतकऱ्याला पैसे वहीप्रमाणे बरोबर गेले होते.

बँकांच्या शाखांत संगणक येण्याचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही. कर्मचारी संघटनांबरोबर १९८३ साली करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग हळूहळू खातेवही लिहिणारी यंत्रे शाखांत बसू लागली. त्यांच्या खोलीत चपला बाहेर काढून जात. यंत्र बिघडले की पहिला प्रश्न एकच असे: शेवटी कोण बसले होते? आणि तो बहुधा एखादा जुना लिपिक निघे, ज्याला यंत्र आवडत नाही असा लौकिक आधीच झालेला असे. वास्तविक ताळेबंदात फरक निघाला की हाच लिपिक शिकवत असे की फरक ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तो पडलेला नसतो. मागे जाऊन नोंद शोधावी लागते. वहीच्या बाबतीत जे तत्त्व सर्वांना मान्य होते ते यंत्राच्या बाबतीत कोणाला आठवत नसे. पेढीवरही तेच झाले. आदल्या रात्री काय बदलले, हे कोणी विचारलेच नाही.

त्या संध्याकाळी शेठजी आणि पुतण्या जळगावहून सरळ मुनीमजींच्या घरी गेले. मुलाने पाया पडून सर्व सांगितले. मुनीमजींनी त्याला जवळ बसवून घेतले आणि खटक्याचे सगळे नीट विचारून घेतले. पोते आणि हमाल त्यांना लगेच उमगले. शेठजींनी आपले शब्द मागे घेतले. मुनीमजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘शेठजी, बोललात ते चारचौघांत. सांगता आहात ते माझ्या ओसरीवर.’

हे शब्द पचवणे थोरल्यांना सोपे गेले नसावे. वडिलांच्या वेळचे मुनीमजी असले तरी ते नोकर होते आणि पेढीची म्हणून एक इभ्रत असते. दोन दिवस काहीच घडले नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र ते जळगावहून पुन्हा आले. ओट्यावर शेतकऱ्यांची गर्दी होती, त्यातले बरेच त्या सकाळचेच. पुतण्याला पाठवून मुनीमजींना बोलावून घेतले आणि सर्वांसमक्ष सांगितले की यंत्र आमच्या घरच्या चुकीने जळले, मुनीमजींचा त्यात दोष नव्हता, माझे बोलणे चुकले. दोनचार वाक्येच होती. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, ‘ते आम्हाला त्याच दिवशी माहीत होते, पैसे बरोबर मिळाले ना.’ किल्ल्या मुनीमजींनी उचलल्या.

ज्यांच्याकडे अजून जुने संगणक आहेत, विशेषतः न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाहून मुलाबाळांनी आणलेले, त्यांनी ते लावण्यापूर्वी वायर काढलेली असताना पाठीमागे एकदा पाहून घ्यावे. तिकडून आलेली पेटी ११५ वर असण्याचाच संभव अधिक, आणि आपल्या भिंतीत लावताच तिचे तेच होईल जे त्या पेढीवर झाले. वीज कमी आहे म्हणून खटका कधीही हलवू नये; कमी दाबावर उपाय स्टॅबिलायझर किंवा चालू स्थितीतला यूपीएस हाच. पेटी घरी उघडण्याचा मोह तर धरूच नये. वायर काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये साठा काही काळ राहतो आणि तो माणूस ओळखत नाही. लॅपटॉपच्या अॅडॅप्टरवर बारीक अक्षरात १०० ते २४० असे लिहिलेले असेल तर चिंता नको. तो दोन्ही देशांत आपण होऊन जुळवून घेतो. अमेरिकेतून आणलेले मिक्सर मात्र फक्त १२० व्होल्टचे असेल तर दाब उतरवणारे रोहित्र मध्ये घातल्यावाचून लावू नये, आणि विजेचे फेरे तिकडे साठ व इकडे पन्नास असल्यामुळे तसे लावूनही त्याची मोटर नीट चालेलच असे नाही. संगणकाला फेऱ्यांशी कर्तव्य नसते, कारण त्याची पेटी विजेला आधी एका दिशेची करून घेते.

पेढीवर नवी पेटी बसली त्या दिवशी मुनीमजींनी वहीच्या कागदाची एक अरुंद पट्टी कापली, तिच्यावर लाल शाईने २३० लिहिले, खाली तारीख टाकली आणि डिंक लावून ती खटक्यावर पक्की बसवली. दरवर्षी दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या दिवशी ते डबा फिरवून ती पट्टी जागेवर आहे ना, हे पाहत. काही वर्षांनी ती पेटीही गेली, तशीच, वयाने. गोलाणी मार्केटमधून जी आणली तिच्या पाठीवर खटकाच नव्हता. नव्या पेट्या कोणताही दाब आपसूक ओळखतात. मुनीमजींनी ती चारही बाजूंनी फिरवून पाहिली. पट्टी कापून तयार होती, डिंकाची बाटलीही उघडलेली होती. मग त्यांनी पुतण्याला विचारले, ‘आता ही कोठे लावू?’